सुरक्षित आहे, सही मात्र मागू नका

घरात स्कूटर असेल तर तिची विम्याची पॉलिसी एकदा कपाटातून काढा आणि मागच्या पानावरचा बारीक टाइप वाचा. चष्मा लागेल. ‘कंपनी खालील बाबतीत जबाबदार राहणार नाही’ या मथळ्याखाली दारू पिऊन गाडी चालवणं येईल, लायसन्स नसणं येईल, युद्ध येईल. आणि त्याच रांगेत संभावितपणे उभं असलेलं एक कलम सापडेल : अणुइंधन किंवा अणुकचरा यांतून होणारा किरणोत्सर्ग. घराच्या आगीच्या पॉलिसीतही तेच, दुकानाच्या पॉलिसीतही तेच. वादळ, पूर, दंगल, वीज कोसळणं, छपरावर विमान पडणं, टाकी फुटणं, हे सगळं ज्यांनी पोटात घातलं ते विमावाले अणूचं नाव निघताच हात जोडतात.

यात घाबरण्यासारखं काही नाही. अणुऊर्जा अत्यंत सुरक्षित आहे असं अणुऊर्जा खातं सांगतं, सरकार सांगतं, भट्ट्या विकणाऱ्या कंपन्या तर रंगीत माहितीपत्रक छापून सांगतात. इतक्या सुरक्षित गोष्टीचा विमा उतरवून गिऱ्हाइकाचे पैसे उगाच कशाला घ्यायचे, असा विमावाल्यांनी उदार विचार केला असणार. विमा कंपन्यांचा उदारपणा आपण सगळ्यांनी क्लेमच्या वेळी अनुभवलेला आहेच.

आता त्याच स्कूटरची कायद्यातली पत पाहा. तिच्या धक्क्यानं कुणी दगावलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्या माणसाचं वय, पगार आणि घरात खाणारी तोंडं मोजून भरपाई ठरवतं. त्या रकमेला कायद्यानं छत घातलेलं नाही. म्हणून थर्ड पार्टी विमा सक्तीचा, आणि तिऱ्हाईत माणूस मेला किंवा जायबंदी झाला तर त्या विम्यालाही कमाल मर्यादा नाही. ११० सीसीच्या मागं अमर्याद जबाबदारी! जैतापूरला मडबनच्या सड्यावर येऊ घातलेली प्रत्येक अणुभट्टी आहे १६५० मेगावॉटची, आणि अशा सहा. तिच्यामागं किती जबाबदारी असावी? उत्तर आहे : बेताची. मोठ्या माणसांना फार ओझं सोसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाला एकदा उलटं वाटलं होतं. १९८५च्या डिसेंबरात दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू गळला. भोपाळच्या वायुकांडाला तेव्हा नुकतं वर्ष झालं होतं. त्या खटल्यात न्यायमूर्ती भगवतींच्या पीठानं सांगितलं, की धोकादायक धंदा करून नफा कमावणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे, आणि कारखाना जितका मोठा व धनवान, तितकी भरपाई जास्त. निकाल उत्तम होता. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो पाठ असतो. पाठ झालेल्या गोष्टी परीक्षेनंतर विसरायच्या असतात, एवढं सरकारनं ओळखलं.

२०१० साली अणुहानीच्या नागरी दायित्वाचा कायदा आला. अमेरिकेशी अणुकरार होऊन दोन वर्षं लोटली होती, भट्ट्या विकणारे दाराशी उभे होते आणि त्यांची एकच नम्र विनंती होती : भट्टी आमची घ्या, अपघात तुमचा ठेवा. मुहूर्त मात्र अवघड निघाला. त्याच वर्षी ७ जूनला भोपाळ खटल्याचा निकाल लागला. पंचवीस वर्षांनंतर आरोपींना दोन वर्षांची शिक्षा, आणि लगोलग जामीन. देश चिडलेला असताना, परदेशी कंपनीला काही लागू देऊ नका, असं म्हणण्याची संसदेत कुणाची छाती होईना.

मग कागदावरची कारागिरी सुरू झाली. १७व्या कलमात असं होतं, की भट्टी चालवणाऱ्यानं भरपाई दिल्यावर त्याला ती पुरवठादाराकडून वसूल करता येईल : एक, करारात तसं लिहिलं असेल तर, दोन, पुरवलेल्या मालात उघड किंवा दडलेला दोष असेल तर, तीन, कुणी मुद्दाम अपघात घडवला असेल तर. विधेयकाच्या एका मसुद्यात पहिल्या आणि दुसऱ्या उपकलमाच्या मधे गुपचूप एक ‘आणि’ येऊन बसला. म्हणजे माल सदोष असला तरी करारात लिहिलेलं नसेल, तर पुरवठादार मोकळा. विरोधकांनी तो ‘आणि’ पकडला, आरडाओरडा केला, तो बाहेर गेला. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस कायदा दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. सदोष माल देणाऱ्याकडून पैसे मागता येतील, ही किराणा दुकानातली रीत अणुऊर्जेलाही लागू झाली, आणि जगभरच्या अणुउद्योगाला धक्का बसला. असला रानटी कायदा त्यांनी कुठं पाहिला नव्हता.

कारण जगाची रीत वेगळी आहे. अमेरिकेनं १९५७ साली प्राइस-अँडरसन कायदा केला. अणुवीज धंदा तेव्हा पाळण्यात होता. विमा कंपन्यांनी जेमतेम ६ कोटी डॉलरचं छत्र धरलं, वरचे ५० कोटी सरकारनं आपल्या अंगावर घेतले, आणि त्यापुढं कुणी काही मागायचं नाही असं ठरलं. दहा वर्षांची ती तात्पुरती सोय होती. बाळ चालायला लागलं की कुबडी काढून घ्यायची. बाळ आता सत्तरीला टेकलंय. कुबडीची मुदत गेल्याच खेपेला २०६५ पर्यंत वाढवून मिळाली.

आपल्याकडे पुढची पंधरा वर्षं सदोष मालाच्या या एका उपकलमाला समजावण्यात गेली. २०११ साली नियम आले, त्यांत हळूच लिहिलं की वसुलीची रक्कम चालकाच्या दायित्वाइतकी किंवा कराराच्या किमतीइतकी, यांतली जी कमी असेल तितकीच. २०१५च्या जानेवारीत ओबामा आले, पाठोपाठ परराष्ट्र खात्यानं प्रश्नोत्तरांचं पत्रक काढून सांगितलं, की कायदा वसुलीला परवानगी देतो, सक्ती करत नाही. म्हणजे दार उघडं आहे, पण कुणी आत आलंच पाहिजे असं नाही. त्याच वर्षी जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या पुढाकारानं डझनभर विमा कंपन्यांनी वर्गणी काढून अणुविम्याची टोपली भरली. टोपलीत जमले १५०० कोटी. देशातल्या विमाधंद्यानं पदराला खार लावून सोसायची तयारी दाखवली ती एवढीच. तरीही परदेशी भट्टीवाले ‘बघू’ म्हणत राहिले. एका व्हॉल्व्हचे काही लाख मिळवायचे आणि दीड हजार कोटींची टांगती तलवार घ्यायची, हे कसं परवडणार, असं पुण्या-मुंबईकडचे सुटे भाग बनवणारेही म्हणत होते. त्यांचं म्हणणं रास्त होतं. फक्त त्यावरचा उपाय त्यांच्यासाठी छोटी मर्यादा ठरवणं हा होता. निघाला तो सगळ्यांना माफी देणं हा.

२०२५च्या डिसेंबरात संसदेनं ‘शांती’ हे लघुनाव असलेला नवा कायदा चार दिवसांत मांडून मंजूर केला. खाजगी कंपन्यांना अणुवीज खुली झाली, २०१०चा कायदा रद्द झाला, आणि सदोष मालाचं ते उपकलम गेलं. करारात लिहिलेलं असेल किंवा कुणी मुद्दाम घात केला असेल, तरच आता पुरवठादाराकडे बोट दाखवता येईल. २०१० साली सत्तेतली काँग्रेस म्हणत होती, पुरवठादाराला फार ताणू नका, तंत्रज्ञान येणार नाही. विरोधी बाकांवरचा भाजप विचारत होता, भोपाळ विसरलात का? २०२५ साली भाजपनं तंत्रज्ञानाची काळजी केली आणि काँग्रेसला भोपाळ आठवलं. माणसं उठून पलीकडे गेली. भाषणं मात्र बाकांनाच चिकटून राहिली.

नव्या कायद्यात दायित्वाचे टप्पे आहेत. ३६०० मेगावॉटपेक्षा जास्त औष्णिक क्षमतेच्या भट्टीला ३००० कोटी, १५०० ते ३६०० मेगावॉटला १५०० कोटी, असं उतरत उतरत सगळ्यात लहान भट्टीला १०० कोटी. जैतापूरच्या भट्ट्या वरच्या टप्प्यात बसतील. हॉटेलच्या दरपत्रकासारखं सगळं सुटसुटीत आहे. चालकाची मर्यादा संपली की पुढं केंद्र सरकार देणार, पण तेही एकूण ३० कोटी एसडीआर या मर्यादेपर्यंत. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी चलन. डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड अशी पाच नाणी एकत्र करून त्याचा भाव काढतात. ज्याच्या कलमांवर किरणोत्सर्गी पाऊस पडेल, त्या आंबेवाल्यानं रोज सकाळी लंडन-टोकियोचा बाजार बघावा, म्हणजे आपल्या दुःखाचा भाव आज वधारला की घसरला ते कळेल. आजच्या भावानं ते साडेतीन-पावणेचार हजार कोटी होतात. म्हणजे साधारण ४० कोटी डॉलर.

हा आकडा लक्षात ठेवा आणि दुसरा आकडा शेजारी मांडा. १९८९ साली युनियन कार्बाइडशी भोपाळची तडजोड झाली ती ४७ कोटी डॉलरला. ती इतकी तुटपुंजी होती, की पुढं केंद्र सरकारच आणखी ७८४४ कोटी रुपये मागायला सर्वोच्च न्यायालयात गेलं. भोपाळची रक्कम कमी पडली म्हणून रडणाऱ्या सरकारनं अणुअपघाताची कमाल रक्कम भोपाळहून कमी ठेवली आहे. धडा घेतला नाही, असं कोण म्हणेल? धडा घेतला, आणि त्यात सूटही मिळवली.

खरा खर्च किती येतो ते जपाननं दाखवलंय. फुकुशिमाच्या अपघातग्रस्तांना तिथल्या भट्ट्या चालवणाऱ्या टेप्को कंपनीनं दिलेली भरपाई १० लाख कोटी येनच्या पुढं गेली. रुपयांत पाच लाख कोटींहून जास्त. त्यात भट्ट्या मोडीत काढण्याचा खर्च नाही. जपानी कायद्यात चालकाच्या दायित्वाला मर्यादा नाही, म्हणून एवढं तरी निघालं; तेही कंपनीला सरकारनं तगवून धरलं तेव्हा. जनरल इलेक्ट्रिक, तोशिबा आणि हिताची या भट्टी पुरवणाऱ्यांना मात्र काही लागलं नाही, कारण जबाबदारी एकट्या चालकाची हे कलम तिथंही होतं. ‘असाधारण स्वरूपाची गंभीर नैसर्गिक आपत्ती’ असेल तर चालकाची सुटका, अशीही एक पळवाट जपानी कायद्यात होती. एवढी त्सुनामी येऊनही जपान सरकारनं ती टेप्कोला वापरू दिली नाही. आपण २०१०च्या कायद्यात तीच शब्दरचना उचलली. अनुभव मात्र त्यांच्याकडेच राहू दिला.

पैशांइतकीच वेळेचीही काळजी आपल्या कायद्यानं घेतली होती. २०१०च्या कायद्याप्रमाणे अपघात झाला की अणुऊर्जा नियामक मंडळानं पंधरा दिवसांच्या आत तसं अधिसूचित करायचं. गळतीत आधी पसरणारं किरणोत्सर्गी आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं. पंधरा दिवसांनी ते पाव हिस्सा उरेल, आणि तेव्हा राजपत्र सांगेल की तुमच्या गावात काहीतरी झालं होतं. निसर्गाची आणि प्रशासनाची अशी जुगलबंदी क्वचित पाहायला मिळते. मालमत्तेच्या दाव्याला मुदत दहा वर्षं, शरीराच्या इजेला वीस. सिझियमचं अर्धआयुष्य तीस वर्षांचं. म्हणजे दाव्याची मुदत संपेल तेव्हा सिझियम भर तारुण्यात असेल. दिवाणी न्यायालयात जायचं नाही, दावा दावे-आयुक्तांकडे लावायचा. त्या अर्जाचा नमुना लोकसेवा म्हणून आम्ही तयार केला आहे :

१. अर्जदाराचं नाव, गाव, तालुका. (गाव रिकामं केलं असल्यास पूर्वीचं.)

२. आपल्याला झालेला आजार नेमका कोणत्या भट्टीच्या कोणत्या अणूमुळे झाला? पुरावा दोन प्रतींत, साक्षांकित करून जोडावा. तंबाखू खात असल्यास अर्ज करू नये.

३. हापूसच्या कलमांवर पडलेला पाऊस कोणत्या वाऱ्यानं आणला? वाऱ्याची नोंद सातबाऱ्यावर आहे काय?

४. साखरी नाट्याच्या मच्छीमारांसाठी : समुद्र आपल्या नावावर आहे का? नसल्यास मासळी कमी झाल्याचं आपल्याला कसं कळलं?

५. आजार मुदतीनंतर प्रकट झाला असल्यास विलंबाचं कारण आजारानं स्वतःच्या सहीनं द्यावं.

कुणी म्हणेल, मर्यादेच्या वर काही लागलंच तर सरकार कुठं पळून चाललंय? खरं आहे. त्यासाठी पुन्हा भोपाळकडे पाहू. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली केंद्र सरकारला सांगितलं होतं, की ज्यांना आज लक्षणं नाहीत पण उद्या दिसतील, अशा सुमारे एक लाख भोपाळकरांसाठी वैद्यकीय विमा उतरवा. २०२३च्या मार्चमध्ये ती ७८४४ कोटींची याचिका फेटाळताना न्यायालयाच्या ध्यानात आलं, की विमा उतरवलाच गेला नाही. बत्तीस वर्षं. न्यायालयानं याला घोर हलगर्जीपणा म्हटलं. आम्ही तसं म्हणणार नाही. सरकार बहुधा बारीक टाइप वाचत बसलं असेल.

एवढं लिहिल्यावर पत्रं येतील, की तुम्ही विकासाच्या विरोधात आहात, तुमच्या घरातला पंखा कशावर चालतो? पंखा चंद्रपूरच्या कोळशावर चालतो, आणि तिथल्या राखेचा विमाही कुणी उतरवलेला नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. अणुवीज कोळशापेक्षा कमी माणसं मारते, हा दावाही मान्य. अणुवीज हवीच असेल तर ती करावी. आमचा हट्ट हिशेबापुरता आहे, आणि हिशेब तिसरीतला आहे.

नव्या धर्तीच्या भट्टीतून मोठी किरणोत्सर्गी गळती दहा लाख वर्षांत एकदा होऊ शकेल, असं सांगितलं जातं. खर्च फुकुशिमाइतका, पाच लाख कोटी धरू. भागाकार करा. त्या धोक्याचा रास्त हप्ता येतो भट्टीमागं वर्षाला ५० लाख रुपये. एवढ्यात आज पुण्यात दोन खोल्या येत नाहीत. इतक्या स्वस्तात अमर्याद विमा मिळत असताना मर्यादेचे कायदे कशाला? घेऊन टाका! पण ५० लाखांत हा विमा विकणारी कंपनी पृथ्वीवर नाही. विमावाला माहितीपत्रकं वाचत नाही, तो झालेले अपघात मोजतो. आजवर जगातल्या सगळ्या भट्ट्यांची मिळून सुमारे वीस हजार वर्षं भरली, त्यांत चेर्नोबिल झालं, फुकुशिमा झालं. दहा हजारांत एक. म्हणजे हप्ता ५० लाख नव्हे, ५० कोटी. माहितीपत्रक आणि जग यांच्यात शंभर पटींचा फरक आहे, तो असा.

गंमत म्हणजे ५० कोटीही फार नाहीत. जैतापूरची एक भट्टी वर्षाला हजार-अकराशे कोटी युनिट वीज करेल. युनिटमागं चार-पाच पैसे पडतील. तरीही विमा मिळत नाही, कारण हप्ता दरसाल येतो आणि अपघात एकदम येतो. पाच लाख कोटी साठायला दहा हजार वर्षं लागतात. भट्टी पुढच्या मंगळवारीही फुटू शकते. अशा धोक्याला विमावाला टोपली पुढं करतो ती १५०० कोटींची, आणि बाकीचं दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर टाकावं लागतं.

ते दुसरं कोण? पहिले तीन हजार कोटी चालकाचे. पुढचे पाच-सातशे कोटी दिल्लीचे. त्यापुढचे चार लाख शहाण्णव हजार कोटी कुणी उचलायचे, हे कायद्यात लिहिलेलं नाही, पण ठरलेलं आहे. ते मडबन, मिठगवाणे आणि नाट्यानं उचलायचे : आपल्या कलमांतून, होड्यांतून, विहिरींतून आणि फुफ्फुसांतून. म्हणजे विमा उतरलेला आहे. देशातला सगळ्यात मोठा अणुविमा देणारी संस्था चर्चगेटला नाही, ती राजापूर तालुक्याच्या किनाऱ्यावर आहे. तिला कार्यालय नाही, भांडवल म्हणजे आंबा आणि बांगडा, आणि तिच्या संचालकांना आपण विमाधंद्यात आहोत हे कुणी कळवलेलं नाही. २०११च्या एप्रिलमध्ये नाट्याला प्रकल्पाचा जाब विचारायला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि एक मच्छीमार मेला.

विमा कंपनी म्हटली की तिला दोन हक्क आपोआप येतात. पहिला, धोका पत्करण्याआधी कारखाना आतून तपासण्याचा आणि कागद मागण्याचा. दुसरा, हप्त्याचा. तेव्हा सरकारनं भट्टीमागं दरसाल हप्ता किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींत जमा करावा आणि रक्कम आपली आपण ठरवावी. दहा लाख वर्षांत एकदाच, यावर विश्वास असेल तर ५० लाख पाठवावेत आणि तो हिशेब करणाऱ्यानं खाली सही करावी. ५० कोटी पाठवले तर सहीची गरज नाही, आकडाच बोलेल. काहीच पाठवायचं नसेल, तर नियम कुठल्याही विमा एजंटाला विचारावा. तारापूरची पहिली भट्टी १९६९ साली सुरू झाली. त्या किनाऱ्याला, घिवली-दांडीच्या कोळ्यांना आणि पुढच्या भट्ट्यांसाठी उठवलेल्या अक्करपट्टी-पोफरणच्या लोकांना, आजतागायत एका रुपयाचा हप्ता मिळालेला नाही. अर्धशतकाहून जास्त काळ हप्ता थकला, की पॉलिसी लॅप्स होते.